खांड आणि खांब

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग नागोठणे मागे टाकून सुकेळीची खिंड उतरला की कोलाडच्या अलीकडे, रोहा तालुक्यात, खांब हे गाव लागते. रस्त्याकडेच्या पाटीवर दोनच अक्षरे असतात आणि वाहनाच्या वेगात ती वाचून होईपर्यंत गाव मागेही पडलेले असते. पण त्या दोन अक्षरांत भाषेचा एक फार जुना व्यवहार साठून राहिलेला आहे. खांब हा शब्द संस्कृतातील 'स्कंभ' या शब्दापासून, प्राकृतातील 'खंभ'च्या वाटेने, मराठीत उतरला. स्कंभ म्हणजे आधार, टेकू. अथर्ववेदाच्या दहाव्या कांडात या स्कंभावर एक संपूर्ण सूक्त आहे आणि साऱ्या विश्वाला तोलून धरणारे तत्त्व म्हणून तिथे त्याच्याकडे पाहिलेले आहे. मात्र ज्या धातूपासून हा शब्द सिद्ध होतो, त्याचा अर्थ वैयाकरणांनी सांगितला तो 'रोधन' असा, म्हणजे अडवणे. त्याच्या जोडीने येणाऱ्या 'स्तंभ्' या धातूपासून स्तंभ हा शब्द झाला, तसाच जागच्या जागी थांबलेला या अर्थाचा 'स्तब्ध' हाही झाला. जे सावरते आणि जे अडवते ते एकाच मुळाशी असावे, हे प्रथम विचित्र वाटते. छपराचा विचार केला की ते तसे राहत नाही, कारण खांब छपराला सावरतो तो त्याचे पडणे अडवूनच.

माणसाच्या बोलण्याला मध्येच अडवणे, या क्रियेसाठी आजच्या मराठी बोलण्यात एक इंग्रजी क्रियापद सर्रास वावरू लागले आहे, ते म्हणजे 'इंटरप्ट करणे'. सभेत, वर्गात, दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत आणि आता घरच्या पंगतीतही 'मला इंटरप्ट करू नका' हे वाक्य सहज कानावर पडते. ते मराठी घरात इतके रुळले आहे की त्याचे कुळ विचारावे असे कोणाच्या मनात येत नाही. कुळ लॅटिनचे आहे. 'इंतेर' म्हणजे मध्ये आणि 'रुम्पेरे' म्हणजे तोडणे किंवा फोडणे. या दोहोंच्या जोडातून 'मध्येच तोडणे' हा अर्थ सिद्ध झाला आणि चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या सुमारास हे क्रियापद इंग्रजीत रूढ झाले. लॅटिनमध्ये ते केवळ बोलण्यापुरते नव्हते, आणि या शब्दाचे खरे वजन तिथेच कळते. होरेशियस हा एकटा वीर टायबर नदीवरच्या लाकडी पुलाच्या तोंडाशी शत्रूचे सैन्य रोखून धरतो आणि त्याच्या पाठीमागे रोमन माणसे तो पूल तोडून टाकतात, ही कथा सांगताना इतिहासकार लिव्ही याने पूल तोडण्यासाठी हेच क्रियापद योजलेले आहे. म्हणजे ज्या क्रियापदाने आज एखाद्याचे वाक्य अर्ध्यावर थांबते, त्याच क्रियापदाने एके काळी दोन काठांमधली वाट नाहीशी होत असे.

खांब गावावरून पुढे जाणाऱ्या याच महामार्गाने हा अर्थ एकदा उघड्या डोळ्यांनी पाहिला आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातला दगडी कमानींचा पूल पुराच्या लोंढ्याने कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या व आणखी काही वाहने अंधारात नदीत गेली. गाडी चालवणाऱ्याच्या दृष्टीने रस्ता एका क्षणापर्यंत अखंड होता. दिव्यांच्या उजेडापुढे तो आहेच, अशा विश्वासाने चाके पुढे जात होती. अशा प्रसंगी मराठी वर्तमानपत्रे 'संपर्क तुटला' असे लिहितात, आणि त्या दोन शब्दांत लॅटिन क्रियापदाचा मूळ अर्थ जसाच्या तसा असतो. पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नवा पूल उभा राहिला. रस्ता सांधला गेला. ज्या घरांतली माणसे त्या रात्री परतली नाहीत, त्या घरांतले वाक्य मात्र अर्धेच राहिले, आणि असे अर्धे वाक्य पुरे करणे कोणत्याही बांधकामाला साधत नाही.

रुम्पेरे या क्रियापदाचा गोतावळा मोठा आहे आणि त्यात काही नाती अनपेक्षित आहेत. रानातून किंवा डोंगरातून फोडून काढलेल्या वाटेला लॅटिनमध्ये 'फोडलेली वाट' म्हणत. त्यातला 'वाट' हा शब्द गळून 'फोडलेली' एवढेच विशेषण फ्रेंच भाषेत रस्त्याचे नाव होऊन बसले आणि तेच इंग्रजीत 'रूट' झाले. सुकेळीच्या खिंडीतून जाणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण डोंगराची रांग जिथे तुटते तिथूनच वाट निघते आणि मराठीतही घाट 'फोडतात'. नेहमीच्या वाटेने जाणे यातून पुढे 'रूटीन' हा शब्द निघाला. तेव्हा दिवसाचा ठरलेला क्रम आणि त्या क्रमात पडणारा खंड, म्हणजे रूटीन आणि इंटरप्शन, हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे ठरतात. आजची मळलेली वाट ही कधी काळी कोणीतरी जमीन फोडून केलेली असते.

त्याहून जवळचे नाते मात्र मराठी माणसाच्या स्वतःच्या घरात आहे. रुम्पेरे या लॅटिन क्रियापदाचा संबंध भाषाशास्त्रज्ञ संस्कृतातील 'लुप्' या धातूशी जोडतात. मोडणे, हिरावून नेणे हा त्याचा जुना अर्थ. लोप आणि लुप्त हे मराठीत रोज वापरले जाणारे शब्द त्याचेच आहेत. 'इंतेर' आणि 'अंतर' हे तर ऐकतानाच भावंडे वाटतात, आणि ती आहेतही. म्हणजे इंटरप्ट या शब्दाची दोन्ही अंगे मराठीत फार पूर्वीपासून नांदत आहेत, फक्त ती या रीतीने कधी एकमेकांना जोडली गेली नाहीत. जोडली असती तर 'अंतर्लोप' असा काहीसा शब्द तयार झाला असता. तो झाला नाही याचे वाईट वाटण्याचे कारण नाही, कारण सुटे राहून या दोन शब्दांनी मराठीत जे कमावले ते जोडून कमावले नसते. अंतर हे दोन गावांमध्ये असते, दोन माणसांमध्ये पडते, आणि 'मी तुला अंतर देणार नाही' असे म्हणताना ते एक वचन होते. गाण्यातील अंतरा ही ध्रुपद आणि ध्रुपद यांच्या मधली जागा असते, जिथे गाणे मुखडा सोडून दूर जाते आणि परत यायचे विसरत नाही.

लोपाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. पाणिनीने लोप या संज्ञेची व्याख्या केली ती 'न दिसणे' अशी. नष्ट होणे असे त्याने म्हटले नाही. त्याच्या व्याकरणात एखादा प्रत्यय लोप पावला तरी त्या प्रत्ययामुळे घडणारे कार्य घडतच राहते, अशीही व्यवस्था आहे. जो गेला तो दिसत नाही, पण त्याच्या असण्याने शब्दाला जे वळण लागायचे ते लागते. अकाराच्या अशाच लोपासाठी संस्कृत लेखनात अवग्रह हे चिन्ह वापरतात. 'सोऽहम्' या शब्दातले मधले वळणदार चिन्ह ते हेच, आणि तिथे 'अहम्'मधला अ होता, एवढेच ते सांगते. मराठीने हे चिन्ह घेतले आणि त्याला अगदी उलट कामाला लावले. बांधाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावरच्या माणसाला घातलेली हाक मराठीत लिहायची तर ती 'अरेऽऽ' अशी लिहितात; इथे अवग्रह नाहीशा झालेल्या स्वराची खूण उरत नाही, लांबत गेलेल्या स्वराची खूण होतो. गळालेल्या ध्वनीचे चिन्ह पुढे ताणून धरलेल्या ध्वनीचे चिन्ह व्हावे, यामागे कोणी बसून विचार केला असेल असे नाही. तरीही भाषेच्या या कृतीत एक समज आहे, आणि ती इतकी शांत आहे की तिच्यावरून डोळा सहज घसरून जातो.

इंग्रजीत ज्याला एक क्रियापद पुरते त्याला मराठीत एकच एक प्रतिशब्द सापडत नाही. व्यत्यय आहे, अडथळा आहे, विक्षेप आहे, पण ही नामे आहेत आणि ती बहुधा लेखनात शोभतात. बोलताना मराठी माणूस वेगळेच काही करतो. तो मध्येच तोंड घालतो, खोडा घालतो, मोडता घालतो, खो घालतो. खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवण्याचे भोके पाडलेले लाकूड. मोडता या शब्दात तर मोडणे आहे, तरी तो मोडता घालावाच लागतो. इंग्रजी शब्दाला बोलणे हे पुलासारखे दिसते आणि कोणीतरी ते मधोमध तोडते. मराठीला ते चालत्या प्रवाहासारखे किंवा चालत्या माणसासारखे दिसते आणि कोणीतरी त्यात काहीतरी घालते. हा फरक वरवरचा नाही. तुटलेल्या वस्तूकडे पाहून फक्त तुटणे दिसते. काही घातले असेल तर काय घातले, कशासाठी घातले आणि ते काढता येईल का, हे प्रश्न उरतात. आडकाठी हा शब्द किती साधा आहे. वाटेत आडवी टाकलेली एक काठी, एवढाच त्याचा अर्थ. ती उचलून बाजूला ठेवली की वाट पुन्हा मोकळी होते.

खो या अक्षराचे नशीब यात सर्वांत वेगळे आहे. खो घालणे म्हणजे कामात विघ्न आणणे. पण खो-खोच्या मैदानात पाठलाग करणारा खेळाडू बसलेल्या गड्याच्या पाठीवर थाप मारून 'खो' देतो तेव्हा तो थांबतो आणि त्याचा पाठलाग दुसऱ्याच्या पायांनी पुढे चालू राहतो. घालण्यात जो अडसर आहे तो देण्यात नाही. अक्षर तेच, क्रियापद बदलले की कृती उलटते. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाला नियमांची चौकट दिली. त्या मैदानाच्या दोन्ही टोकांना रोवलेल्या लाकडांना खांबच म्हणतात, आणि पाठलाग करणाऱ्याला दिशा पालटायची असेल तर खांबापर्यंत जाऊन वळावे लागते. धावणे जिथे अडते तिथेच ते वळते.

तरीही तुटणे म्हणजे काय हे मराठीला ठाऊक नाही असे मुळीच नाही; पेण तालुक्यात धरमतरच्या खाडीकाठी राहणाऱ्या शेतकऱ्याइतके ते क्वचितच कोणाला ठाऊक असेल. खाडीच्या भरतीखाली जाणारी जमीन मातीचे बांध घालून मिळवलेली आहे. तिला खारजमीन म्हणतात आणि बांध घालून ती राखण्याच्या व्यवस्थेला खारबंदिस्ती. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, म्हणजे सर्वांत मोठ्या भरतीच्या दिवसांत, पाण्याच्या माऱ्याने बांध एखाद्या जागी खचतो आणि खाडी भातशेतात शिरते. बांधाला पडलेल्या या भगदाडाला तिथे खांड म्हणतात. संस्कृतातला खंड हा शब्द ग्रंथांत विभाग किंवा तुकडा होऊन राहिला, आणि खाडीच्या चिखलात तो हा असा राहिला. खांड पडली की त्या वर्षीचे पीक तर जातेच, पण जमिनीत मुरलेले मीठ पावसाने धुऊन निघेपर्यंत पुढचे हंगामही धोक्यात येतात. खांड लगेच बुजवली नाही तर दर भरतीला येणारे-जाणारे पाणी तिची रुंदी वाढवत नेते. म्हणून गावे रात्री-अपरात्री तिच्यावर माती, पेंढा आणि दगड घेऊन धावत आली आहेत.

पण त्याच बांधाला माणसाने मुद्दाम ठेवलेले एक तोंडही असते. त्याला उघाडी म्हणतात. शेतात साचलेले पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी उघाडीतून खाडीत जाते, आणि भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्याच दाबाने तिची झडप मिटते. उघाडी नसलेला बांध खाडीला रोखेल, पण आतले भात गोड्या पाण्यात कुजेल. बांधाच्या सलग रेषेत उघाडी हाही एक खंडच आहे; तो कुठे ठेवायचा आणि केव्हा उघडायचा, हे ज्यांनी ठरवले त्यांनी भरती-ओहोटीचे म्हणणे पुरते ऐकून घेतलेले होते. चांगला श्रोता बोलणाऱ्याच्या मध्ये जो शब्द टाकतो, तो या जातीचा असतो. गोष्ट सांगणारी आजी दोन वाक्यांनंतर थांबते ती नातवंडांच्या 'हं'साठी. या 'हं'ला हुंकार म्हणतात आणि तो मिळाला नाही तर गोष्ट पुढे सरकत नाही, कारण ऐकणारा जागा आहे की झोपला हे सांगणारीला कळत नाही. पोवाडा गाणाऱ्या शाहिराचे वाक्य संपते न संपते तोच झीलकरी, म्हणजे त्याच्या मागे उभे राहून साथ करणारे, 'जी जी'चा सूर लावतात आणि शाहिराला श्वास घ्यायला जागा करून देतात. कागदावर मोजले तर हे सारे व्यत्ययच आहेत.

संस्कृत नाटकात या कामासाठी एक स्वतंत्र रचना होती आणि तिचे नाव विष्कंभक. दोन अंकांच्या मध्ये किंवा अंकाच्या आरंभी दुय्यम पात्रांचा एक छोटा प्रवेश येतो, मधल्या काळात रंगमंचाबाहेर काय घडले हे तो प्रेक्षकांना सांगतो आणि मग मुख्य कथा पुढे सुरू होते; हा विष्कंभक. शब्दात नीट पाहिले तर आत स्कंभ उभा आहे. ज्या धातूतून रोहा तालुक्यातल्या गावाच्या नावाचा शब्द आला, त्याच धातूतून कथेच्या मध्ये घातलेल्या या प्रवेशाचेही नाव आले; तो प्रवेश म्हणजे दोन अंकांमधल्या पोकळीला दिलेला टेकूच. विष्कंभ या रूपात हा शब्द रोजच्या पंचांगातही आहे, सत्तावीस योगांतला पहिला योग म्हणून. अडवणाऱ्याला आधार म्हणण्याचे हे औदार्य नाटकवाल्यांनी केले, ते सभागृहांना जमलेले नाही. विधिमंडळाच्या छापील कार्यवाहीत गोंधळाच्या जागी कंसात 'अडथळा' असा शब्द येतो, लोकसभेच्या हिंदी कार्यवाहीत 'व्यवधान' असा येतो. कोणीतरी काहीतरी बोलले एवढे त्या कंसातून कळते. काय बोलले, ते खोडा होते की हुंकार, हे कळत नाही. पाणिनीच्या लोपात जे गळते त्याचे कार्य उरते, या कंसात फक्त जागा उरते. आणि मराठीत व्यवधान म्हणजे तर माणसाच्या मागे लागलेली कामे, काळज्या, घरच्या जबाबदाऱ्या. तीही आयुष्याच्या मध्येच येतात, आणि बहुतेकांचे आयुष्य त्यांच्यावरच उभे असते.

मराठी मनाला न तुटण्याची ओढ फार आहे, हेही इथे लिहिले पाहिजे. त्याच्या सर्वांत लाडक्या काव्यप्रकाराचे नाव अभंग, म्हणजे न भंगणारा. जोतीराव फुल्यांनी आपल्या पद्यांना नाव दिले ते अखंड. आणि रोहा-पेणच्या गावागावांतून जो सात दिवसांचा नामोत्सव होतो त्याचे नावही अखंड हरिनाम सप्ताह. पहाटेचा काकडा, दिवसाचे पारायण, संध्याकाळचा हरिपाठ, रात्रीचे कीर्तन असा त्याचा क्रम असतो. पण त्याला अखंड म्हणतात ते मुख्यतः वीणेसाठी. पहिल्या दिवशी गळ्यात घेतलेली वीणा काल्याचे कीर्तन होईपर्यंत खाली ठेवायची नाही आणि तिच्याबरोबरचे नामस्मरण थांबू द्यायचे नाही, असा नेम असतो. एका माणसाला सात दिवस आणि सात रात्री उभे राहणे शक्य नसते. म्हणून पहारे लावतात. गावातल्या घराघरांत वेळा वाटून दिलेल्या असतात आणि ज्याची वेळ आली तो हातपाय धुऊन देवळात येतो.

मध्यरात्र उलटली की कीर्तनाची गर्दी पांगलेली असते, महामार्गावरून जाणाऱ्या मालमोटारींचा आवाज मधूनमधून येतो, आणि सभामंडपात विणेकरी एकटाच असतो. पाय अवघडले की तो खांबाशी जाऊन जरा टेकतो, बोटे मात्र तारेवरच असतात. पुढच्या पहाऱ्याचा माणूस येतो. दोघे एकमेकांच्या पायांना हात लावतात. पहिला गळ्यातून वीणा काढू लागतो, दुसरा मान पुढे करतो, आणि नाम घेणारा एक आवाज दुसऱ्या आवाजात मिसळून हळूहळू मागे सरतो. पट्टा एकाच्या डोक्यावरून निघालेला असतो आणि दुसऱ्याच्या खांद्यावर अजून पुरता बसलेला नसतो. तेवढ्या वेळात तार कोणाच्या बोटाखाली असते, हे त्या दोघांनाही सांगता येत नाही.